निळ्या पेटींतील करार

ज्या घरांत इंटरनेट आहे, त्या घराच्या एखाद्या कोपऱ्यांत, बहुधा दिवाणखान्यांतील कपाटावर, वहीएवढी एक पेटी बारीक दिवे लुकलुकवीत पडलेली असते. तिला राउटर म्हणतात. बाहेरून तारेनें आलेलें इंटरनेट ती घरांतील सर्व यंत्रांना बिनतारी वांटून देते. घरच्या मंडळींना तिची आठवण होते ती बंद पडल्यावरच. या पेटीच्या पोटांत विजेच्या भागांखेरीज आणखी एक वस्तु असते, आणि ती म्हणजे लेखन. देशोदेशींच्या असंख्य माणसांनीं, बहुतेकांनीं परस्परांचें तोंडही न पाहतां, वर्षानुवर्षें लिहून काढलेल्या आज्ञावली तींत सांठविलेल्या असतात. त्यांतील पुष्कळशा आज्ञावली पेटीच्या कारखानदारास एक पैसाही न मोजतां मिळालेल्या असतात. फुकट मिळालेल्या वस्तूलाही किंमत असते, आणि ती चुकविली नाहीं तर न्यायालयाची पायरी चढावी लागते, हा धडा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कित्येक मोठमोठ्या कंपन्यांना शिकावा लागला आहे.

हें प्रकरण समजण्यासाठीं एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. प्रत्येक आज्ञावलीचीं दोन रूपें असतात. एक रूप माणसाला वाचतां येणारें. तें वाचून दुसरा जाणकार त्यांतील चूक काढूं शकतो, नवी सोय जोडूं शकतो. त्यालाच सोर्स कोड अथवा मूळ संहिता म्हणतात. दुसरें रूप यंत्राला समजणारें. मूळ संहिता यंत्रभाषेंत उतरविली म्हणजे तें तयार होतें, आणि माणसाला तें जवळजवळ दुर्बोधच असतें. वैद्यानें पुडींत बांधून दिलेली गोळी आणि ती ज्यावरून तयार केली तो पाठ, यांत जें अंतर, तेंच या दोन रूपांत. गोळीनें गुण येतो. परंतु तींत काय घातलें आहे आणि मात्रा बदलावी कशी, हें पाठावांचून कळत नाहीं. व्यापारी कंपन्या बहुधा गोळी विकतात आणि पाठ कुलुपांत ठेवतात. तसें करण्याचा त्यांना हक्क आहे; कारण तो पाठ त्यांनीं स्वतःचा पैसा खर्चून तयार केलेला असतो. प्रश्न उभा राहतो तो त्या पाठांतील निम्मीं द्रव्यें दुसऱ्यानें शोधून काढलेलीं असतात तेव्हां.

या प्रश्नाचा मुळापासून विचार करणारांत अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांचें नांव अग्रभागीं आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ज्या प्रयोगशाळेंत ते काम करीत, तेथें आज्ञावली एकमेकांना मोकळेपणानें देण्याघेण्याची रीत होती. पुढें कंपन्या मूळ संहिता देईनाशा झाल्या आणि ती रीत मोडली. सप्टेंबर १९८३ मध्यें स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरतां, वाचतां, बदलतां आणि वांटतां येईल अशी संपूर्ण संगणक-प्रणाली उभी करावयाची, हा त्याचा हेतु. त्यासाठीं १९८५ सालीं ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था निघाली.

परंतु नुसत्या दानानें हें काम भागणारें नव्हतें. धर्मशाळा बांधून दार सताड उघडें टाकलें, तर उद्यां कोणी तरी आंत शिरून स्वतःचें कुलूप लावतो. म्हणून स्टॉलमन यांनीं एक युक्ति योजिली. ग्रंथकाराला आपल्या ग्रंथावर जो कायदेशीर हक्क असतो, ज्याला कॉपीराइट म्हणतात, तो आज्ञावली लिहिणारालाही असतो. सामान्यतः या हक्काचा उपयोग इतरांना मज्जाव करण्याकडे होतो. स्टॉलमन यांनीं तोच हक्क दार उघडें ठेवण्याच्या कामीं लावला. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जनरल पब्लिक लायसन्स’, अर्थात् जीपीएल, या परवान्याचें सार असें कीं, ही आज्ञावली कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, विकावी. मात्र ती दुसऱ्यास देतांना मूळ संहिताही द्यावी, आणि आपणांस जे हक्क मिळाले तेच त्यासही द्यावे. या परवान्याची दुसरी आवृत्ति १९९१ मध्यें आणि तिसरी २००७ मध्यें निघाली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यानें १९९१ सालीं आपल्या ‘लिनक्स’ प्रणालीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली व पुढच्याच वर्षीं तिला हाच परवाना लावला. आज खिशांतील मोबाइलपासून महासंगणकापर्यंत कोट्यवधि यंत्रें लिनक्सच्या आधारावर चालतात.

कंपन्यांच्या अडचणीस आरंभ होतो तो येथें. आणि त्यांतील बरीचशी अडचण परवाना न वाचल्यामुळें उद्भवलेली असते. जीपीएल विक्रीस मनाई करीत नाहीं. कंपनीनें अशी आज्ञावली केवळ आपल्या कचेरींत वापरली, तींत वाटेल तेवढे फेरफार केले आणि ती बाहेर कोणालाही दिली नाहीं, तर मूळ संहिता उघड करण्याचें बंधन तिच्यावर येत नाहीं. एकाच तबकडीवर शेजारीं शेजारीं ठेवलेल्या, परंतु एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या दोन आज्ञावलींपैकीं एकीचा परवाना दुसरीस चिकटत नाहीं, हेंही त्यांत सांगितलेलें आहे. बंधन सुरू होतें तें प्रत दुसऱ्याच्या हातीं पडते त्या क्षणीं. त्या वेळीं मूळ संहिता बरोबर द्यावी, किंवा मागणाराला ती देण्याचें निदान तीन वर्षांच्या मुदतीचें लेखी अभिवचन द्यावें, असें दुसरी आवृत्ति सांगते. मात्र जीपीएलखालील लेखनांत कंपनीनें स्वतःचें लेखन असें मिसळलें कीं दोहोंची मिळून एकच कृति झाली, आणि ती कृति बाहेर विकली, तर त्या साऱ्या कृतीसच तो परवाना लागू होतो. आपलें गुपित राखूं पाहणाऱ्या कंपनीला खरी भीति वाटते ती या कलमाची.

मुक्त म्हणविणारे सगळेच परवाने इतके कडक नाहींत. एमआयटी आणि बीएसडी या नांवांनीं प्रसिद्ध असलेल्या परवान्यांची मुख्य मागणी एवढीच, कीं मूळ कर्त्याचें नांव व परवान्याचा मजकूर प्रतीबरोबर राहूं द्यावा. ही अट पाळून कंपनीनें बाकीची संहिता गुप्त ठेवली तरी चालतें. ‘लेसर’ जीपीएल हा मधला मार्ग आहे. लायब्ररी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तयार तुकड्यांच्या संग्रहास बंद आज्ञावली कांहीं अटींवर जोडण्याची मुभा तो देतो. पण खुद्द त्या संग्रहांत केलेले फेरफार उघड करावे लागतात. उलट, २००७ सालच्या ‘अफेरो’ परवान्यानें बंधन आणखी आवळलें. प्रत कोणाच्या हातीं न देतां फेरफार केलेली आज्ञावली दुरून इंटरनेटवरून वापरावयास दिली, तरीही वापरणारास तिची मूळ संहिता मिळण्याची सोय करावी लागते. तेव्हां ‘फुकट आहे, घेऊन टाका’ असें म्हणून चालत नाहीं. कोणत्या वस्तूचा कोणता परवाना आहे हें पाहिल्याशिवाय तिच्यावर धंद्याची इमारत उभारणें म्हणजे सातबारा न पाहतां जमिनीवर घर बांधण्यासारखें आहे.

याचें एक बोलकें उदाहरण २००३ सालीं घडलें. ‘लिंक्सिस’ या अमेरिकन कंपनीनें डिसेंबर २००२ मध्यें ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ या नांवाचा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारांत आणला. घरगुती गिऱ्हाइकांत तो पाहतां पाहतां लोकप्रिय झाला. मार्च २००३ मध्यें ‘सिस्को’ या बलाढ्य कंपनीनें सुमारें ५० कोटि डॉलरांस लिंक्सिस विकत घेण्याचा करार जाहीर केला. जून महिन्यांत लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींत निराळीच वार्ता फुटली. एका जिज्ञासु जाणकारानें या पेटींतील आज्ञावली तपासली होती, आणि तींत लिनक्स व जीपीएलखालील इतर लेखन असल्याचें त्याला आढळलें होतें. पेटी हजारों घरांत पोंचली होती. मूळ संहिता मात्र कोणालाच मिळाली नव्हती.

दोष कोणाचा, हें पाहूं गेलें असतां एक लांबलचक सांखळी दिसून आली. पेटीवरचें नांव लिंक्सिसचें. मालकी नुकतीच सिस्कोकडे आलेली. आंतील बिनतारी चिप ‘ब्रॉडकॉम’ या तिसऱ्या कंपनीची. आणि त्या चिपेसाठीं आज्ञावली जुळविण्याचें काम तैवानमधील ‘सायबरटॅन’ या चौथ्या कंपनीकडून झालेलें. सिस्कोनें कोट्यवधि डॉलर मोजले, त्या क्षणीं आपण दुसऱ्याच्या लेखनाचें देणेंही विकत घेत आहोंत, याची जाणीव तिला असल्याचें दिसत नाहीं. परंतु परवाना सांखळीची चौकशी करीत नाहीं. प्रत गिऱ्हाइकाच्या हातीं कोणीं दिली, एवढेंच तो विचारतो. पुरवठादाराचा अपराध हा विकणाराचा बचाव होऊं शकत नाहीं. दुधांत पाणी गवळ्यानें घातलें असलें, तरी गिऱ्हाईक जाब विचारतें तें दुकानदारालाच.

सिस्कोपुढें दोन मार्ग होते. त्या पेट्यांची विक्री थांबवून सारी आज्ञावली नव्यानें लिहवून घ्यावी, अथवा मूळ संहिता प्रसिद्ध करावी. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनशीं बोलणीं झालीं आणि त्याच वर्षीं संहिता प्रसिद्ध करण्यांत आली. बिनतारी चिप चालविणारा भाग मात्र यंत्ररूपांतच ठेवलेला होता. असे भाग स्वतंत्र समजावे कीं लिनक्सचाच विस्तार समजावे, यावर जाणकारांत आजही एकमत नाहीं. तथापि जेवढें उघड झालें तेवढेंही थोडें नव्हतें. तें लेखन हातीं पडतांच देशोदेशींच्या हौशी मंडळींनीं त्यांत सुधारणा आरंभिल्या, आणि २००४ च्या आरंभीं त्यांतूनच ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प जन्मास आला. स्वस्त घरगुती पेटीवर महागड्या यंत्राचीं कामें होऊं लागलीं. पुढें कंपनीनें नेहमींच्या पेटींतील स्मरणशक्ति कमी करून तींत लिनक्सऐवजीं दुसरी प्रणाली घातली. पण जुन्या घडणीला मागणी इतकी राहिली, कीं २००५ सालीं ‘डब्ल्यूआरटी ५४ जी एल’ या नांवानें लिनक्सवर चालणारी पेटी तिला निराळी विकावी लागली. ही पेटी दहा वर्षांहून अधिक काळ बाजारांत खपत होती. जें उघड केल्यानें आपलें नुकसान होईल असें कंपनीला वाटलें असावें, त्याच गुणामुळें तिचा माल टिकला.

पण एकदां लागलेली ठेंच पुरेशी ठरली नाहीं. लिंक्सिसच्या इतर मालासंबंधीं तक्रारी चालूच राहिल्या. वर्षानुवर्षांच्या बोलण्यांतून निकाल लागेना, तेव्हां डिसेंबर २००८ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें न्यूयॉर्कच्या न्यायालयांत सिस्कोवर फिर्याद केली. मे २००९ मध्यें तडजोड झाली. लिंक्सिसच्या मालांत परवाने पाळले जातात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याचें, पूर्वीच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या हक्कांची जाणीव करून देण्याचें आणि संस्थेस कांहीं रक्कम देण्याचें सिस्कोनें मान्य केलें.

अशा परवान्यांस न्यायालयांत किंमत आहे काय, अशी शंका पूर्वीं अनेक वकील काढीत. सही नाहीं, मोबदला नाहीं, मग करार कसला, असा त्यांचा युक्तिवाद. त्याचें एक उत्तर जर्मनींतून आलें. लिनक्समधील एका भागाचे कर्ते हाराल्ड वेल्टे यांनीं नेदरलँड्समधील ‘साइटकॉम’ या कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयांत दाद मागितली. एप्रिल २००४ मध्यें विक्रीवर मनाईहुकूम निघाला आणि मे महिन्यांत तो कायम झाला. यामागील तर्क सरळ आहे. परवाना नाकारावयाचा तर खुशाल नाकारावा. पण मग दुसऱ्याचें लेखन वांटण्याची परवानगी देणारा दुसरा कागद कंपनीपाशीं उरतो कोठें?

दुसरें उत्तर अमेरिकेंतून आलें, आणि तेंही एका खेळापायीं. बर्कलीचे पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट जेकबसन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेळण्यांतल्या आगगाड्या चालविणारी एक आज्ञावली मुक्त परवान्यानें प्रसिद्ध केली होती. तींतील कांहीं भाग एका व्यावसायिकानें कर्त्यांचीं नांवें व परवान्याचा उल्लेख गाळून आपल्या विक्रीच्या मालांत घातला. खालच्या न्यायालयानें ही केवळ कराराची बाब मानली आणि मनाईहुकूम दिला नाहीं. ऑगस्ट २००८ मध्यें अपील न्यायालयानें तो निर्णय फिरविला. मुक्त परवान्यांतील अटी या नुसत्या विनंत्या नसून परवानगीच्याच सीमा आहेत. त्या ओलांडणारा ग्रंथहक्काचा भंग करतो, असें त्यानें ठरविलें. पैसे न घेणाऱ्या कर्त्यालाही आपल्या श्रमांतून कांहीं लाभ अपेक्षित असतो, तो नांवलौकिकाचा असेल अगर इतरांनीं केलेल्या सुधारणांचा असेल, ही गोष्ट त्या न्यायालयानें मान्य केली.

कंपन्यांच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. चूक झाली कीं कंपनीची सारी गुप्त संहिता जगापुढें येईल, अशी धास्ती अनेक व्यवस्थापक बाळगतात. परंतु अशा खटल्यांतील नेहमींचे उपाय म्हणजे विक्रीस मनाई आणि नुकसानभरपाई हे होत. संहिता उघड करावी, कीं परकें लेखन काढून टाकून स्वतःचें घालावें, ही निवड बहुधा कंपनीकडेच राहते. दुसऱ्या आवृत्तीप्रमाणें अट मोडतांच परवाना आपोआप रद्द होत असे. तिसऱ्या आवृत्तीनें त्यांत सवलत ठेविली. प्रथमच सूचना मिळालेल्या कंपनीनें ३० दिवसांत चूक दुरुस्त केली, तर तिचे हक्क तिला परत मिळतात. मायक्रोसॉफ्टचे त्या वेळचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनीं २००१ सालीं लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीनें २००९ मध्यें स्वतःचें कांहीं लेखन जीपीएलखालीं लिनक्सला दिलें. व्यापार आणि हा परवाना एकत्र नांदूं शकतात, याला याहून निराळा दाखला नको.

मात्र त्यासाठीं हिशेब ठेवावा लागतो. मालांत कोणकोणतें परकें लेखन आहे, त्याची कितवी आवृत्ति आहे आणि तिला कोणता परवाना आहे, याची यादी काम चालू असतांनाच केली पाहिजे. माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर नव्हे. पुरवठादाराकडून यंत्ररूप आज्ञावली घेतांना तिच्याबरोबर मूळ संहिता आणि ही यादी मागून घेतली पाहिजे. या सर्व व्यवस्थेसाठीं ‘ओपनचेन’ या नांवाची जी पद्धति आहे, ती २०२० सालीं आयएसओ ५२३० या क्रमांकानें आंतरराष्ट्रीय मानक झाली. आपल्याकडेही ही गोष्ट दूरची नाहीं. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींत झालेला आहे. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत बसून परदेशी कंपन्यांसाठीं आज्ञावली लिहिणारे तरुण त्या लांब सांखळीचाच एक दुवा असतात. मुदत जवळ आली म्हणून इंटरनेटवरून उचललेला तुकडा ते निमूटपणें जोडून देतात, आणि त्याचें देणें कित्येक महिन्यांनीं दुसऱ्या खंडांतल्या कोणाच्या तरी दारांत उभें राहतें.

या व्यवहारांत ज्याचा विचार सर्वांत कमी होतो, तो म्हणजे पेटी विकत घेणारा गृहस्थ. २०२१ सालीं अमेरिकेंतील ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेनें ‘व्हिझिओ’ या दूरचित्रवाणी संच विकणाऱ्या कंपनीवर कॅलिफोर्नियांत फिर्याद केली, ती ग्रंथकर्ता म्हणून नव्हे, तर संच विकत घेणारें गिऱ्हाईक म्हणून. परवान्यानें दिलेला हक्क गिऱ्हाइकालाही मागतां आला पाहिजे, असें तिचें म्हणणें. हा मुद्दा घरगुती माणसाच्या हिताचा आहे. चार वर्षांनीं कारखानदार त्या पेटीकडे पाठ फिरवितो; नव्या दुरुस्त्या येईनाशा होतात; चोरवाटा उघड्या राहतात, आणि धडधाकट यंत्र भंगारांत जातें. मूळ संहिता उपलब्ध असेल, तर तें यंत्र दुसरा कोणी जाणकार सुधारूं शकतो. गृहस्थाला स्वतः ती वाचतां आली पाहिजे असें नाहीं. घड्याळ उघडणें कित्येकांना येत नाहीं. पण म्हणून तें गल्लींतल्या घड्याळजीकडे नेण्याचा हक्क कोणी सोडून देत नाहीं.

राउटरबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर, अथवा दूरचित्रवाणी संचाच्या माहितीच्या यादींत, बारीक अक्षरांत कांहीं परवान्यांचीं नांवें आणि मूळ संहिता मागविण्याचा पत्ता पुष्कळदां छापलेला असतो. ती पानें न वाचतां फेकून देण्याची रीत सर्वत्र आहे. पुढच्या वेळीं नवी पेटी घरीं आली, म्हणजे ती पानें बिलाबरोबर जपून ठेवावीं. तीं त्या पेटीच्या खरेदीखताचाच एक भाग आहेत.